खांदा कोण तपासतो

७ जानेवारी, भडगाव
नातू भूषण सुटीवर. शेतात भरीत. लाकडी बडगीत वांगी ठेचायला दरसाल तोच, दुसऱ्याला हात लावू देत नाही. आज डाव्या हातानं ठेचली. अर्धं भरीत बाहेर. बाकीचे हसले. मी नाही.

८ जाने.
"काय जयं रे खांद्याले?"
"काही नही शे, आजी."
बादली उचल म्हटलं तर पोट दुखायला लागलं. मेल्याचं पोट खांद्यात आहे वाटतं.
शेवटी सुनेनं सांगितलं. बुडत्या बोटीवरून माणूस उचलताना खांदा निसटला. कामावरच्या डॉक्टरला दाखवला नाही, पिंपळनेरच्या हाड बसवणाऱ्याकडून ओढून घेतला. कळलं तर हेलिकॉप्टरखाली दोराला लटकायचं काम जाईल. त्या कामावरच धुळ्याची सोयरीक जमलीय.
"आई, लग्नापर्यंत तोंड शिवून ठेवा."

१० जाने.
भू.ला विचारलं, दोर सुटला तर? म्हणे, पट्टे जोडीदार ओढून बघतो, आकड्याची कडी बघतो. आकडा आधी पाण्याला टेकवतात, नाहीतर पंख्यानं साठलेली वीज मारते.
"अन् खांदा कोण बघतो?"
"मला विचारतात. मी अंगठा दाखवतो."
माझ्या सासूनं न वाचता अंगठा दिला, निम्मं शेत गेलं. हा वाचून देतो.

१४ जाने.
संक्रांत. सून म्हणते, गोड बोला. गप्प बसा म्हणायचंय तिला.
भू. गेला. पिशवी डाव्या खांद्यावर. शेतातून आल्यापासून गुडघ्यानं मला खाटेला बांधलंय. फोन सुनेच्या कमरेला. कोणाला सांगू? सांगितलं तर लग्न मोडेल. नाही सांगितलं तर...

१७ जाने.
फोन. भू.चा जोडीदार फिरोज, मागं आमच्याकडं कळण्याची भाकरी खाऊन गेलेला. पट्टे तोच तपासतो. आजीला द्या म्हणाला, सुनेनं नाइलाजानं दिला. "आजी, यंदा माझं भरीत कुठंय?"
सून समोर उभी, डोळे वटारून.
म्हटलं, "भूषणला वर न्यायच्या आधी उजव्या हातानं वांगी ठेचायला लाव. मग ने."
हसला. मग हसायचा थांबला.
सून म्हणाली, "घर बुडवलं."
"घर कोरड्यात आहे, सूनबाई."

१८ जाने.
दोघी एका खोलीत. फोन मधे, तापल्या तव्यासारखा. कोणी हात लावत नाही.
दुपारी वाजला. मीच उचलला. भू. होता. त्याच्या मागं मोठी घरघर, हेलिकॉप्टरच्या पंख्याची का किनाऱ्यावरच्या वाऱ्याची, कळेना.
"आजी, तू फिरोजला काय सांगितलंस?"
"ठेचली का वांगी?"
फोन बंद. त्यानं केला का आपोआप झाला...
सून विचारते, काय म्हणाला. भाकरी थाप म्हटलं.