अख्ख्या बाटलीचा भाव

प्रिय धाकट्या,

तुझ्या खात्याचा नवा नियम एकदाचा आमच्या शेडपर्यंत पोचला. तू समजावलं होतंस तेव्हा मी नुसतीच हो हो म्हणत होते, आता कळला. भट्टीला जाणाऱ्या फुटक्या काचेला वजनावर अनुदान, आणि धुतलेल्या अख्ख्या बाटलीला काही नाही. त्यात चूक काढावी असं मला काही दिसत नाही. अख्ख्या बाटल्यांची गाडी म्हणजे निम्मी हवाच, आणि हवेचं भाडं कोण भरणार? आपल्या धुतलेल्या बाटल्या घेणाऱ्या सरबतवाल्यानेही हात वर केले. नवी बाटली धुतलेलीपेक्षा स्वस्त पडते म्हणे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो तरी किती दिवस सोसणार! हिशोब तुमचा बरोबर आहे, आपली शेड तेवढी त्यात बसत नाही.

आईचं मात्र आपलं चालूच आहे. सकाळी हौदाशी बसते, बाटली घासते, उजेडात धरते, नखाने टिचकी मारते आणि आवाज बद्द आला की बाजूला टाकते. धुतलेल्यांची रास छपराला टेकली, तरी म्हणते, अगं, उन्हाळा तर येऊ दे, धावत येईल सरबतवाला. बाईसाहेब थकल्या, हट्ट थकला नाही. परवा शेजारीण म्हणाली, आता आराम करा, तर आईने तिच्याच हातात ब्रश दिला. मी हसले, मग हौदामागे जाऊन रडलेही. बाबांच्या मागे आपल्या दोघांची शिक्षणं याच हौदातून निघाली, हे तुला वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याचं. फोनवर बोलता येत नाही, आई शेजारीच असते. नियम बदल असं मी म्हणणार नाही, तो तुझ्या एकट्याच्या हातात नाही हे मला कळतं. शेड मी काच फोडणाऱ्या कंपनीला भाड्याने दिली आहे. सोमवारी यंत्र बसेल आणि सुरुवात घरच्याच मालापासून होईल. तू रविवारी ये आणि आईला तुझ्याकडे घेऊन जा. नातवंडांचं निमित्त सांग, नाहीतर खोटं बोल. यंत्र चालवायला त्यांना माणूस हवा होता, ती नोकरी मी धरली आहे. तिने धुतलेल्या बाटल्या मीच फोडणार आहे रे, पण ती समोर बसलेली असताना माझा हात उचलणार नाही.

तुझीच,
ताई