पायाळू नाही ना कुणी?

१२ सप्टेंबर १९६३, पडेगाव

आले एकदाची! ह्यांची छावणीतल्या कचेरीत बदली झाली आणि मला स्वतःचं घर मिळालं. एकच खोली, वर पत्रे. पण अंगणात लिंब आहे आणि सासूबाई शंभर कोसांवर. सातवा महिना लागलाय, म्हणून ह्यांनी मला साधा तांब्याही उचलू दिला नाही. घरमालकीण चतुराबाईंनी नाव विचारायच्या आधीच विचारलं, "पायाळू न्हाई ना कुणी? पायांनी जलमलेलं माणूस असलं, की ईज घर हुडकीत येती." मी छातीठोक सांगितलं, मी डोक्यानंच आले. हेही तसेच. चतुराबाई हसल्या नाहीत.

२० सप्टेंबर

दुपारी चारला आभाळ भरून आलं. आमच्या खोलीतच कुणीतरी सुपात धान्य पाखडत असल्यासारखा आवाज येत होता. चतुराबाई असतील म्हणून न्हाणीतून येऊन डोकावले, तर खोली रिकामी; त्या अंगणात वाळवण गोळा करत होत्या. आवाज थांबला आणि रस्त्यापलीकडच्या बाभळीवर वीज पडली.

२७ सप्टेंबर

पुन्हा तेच. कोपऱ्यात सूप वाजू लागलं, थांबलं, आणि अंगणातला लिंब उभा चिरला. हादऱ्यानं कॅलेंडर पडलं. मागं भिंतीवर काळा ओरखडा. चतुराबाईंना खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यांची नणंद आवडाबाई तिथंच ज्वारी पाखडत बसली असताना वीज पडून गेली. पायाळू होती बिचारी. सुपातल्या दाण्यांच्या लाह्या झाल्या होत्या म्हणे. मग त्याच मला परत परत विचारत राहिल्या, खरं सांग बाई. काय खरं सांगू?

३ ऑक्टोबर

फहमिदा नर्सनं पोट चाचपलं. बाळाचे पाय खाली आहेत. अजून वेळ आहे, फिरेल म्हणाली. वीज कुणाला शोधतेय ते आता कळलं. हे म्हणतात, खुळचटपणा आहे. आईला सगळं कळवलंय, मला घेऊन जा.

८ ऑक्टोबर

आज न्हाणीच्या भिंतीवर पडली. चार पावलांवर. पोटाला मिठी मारून बसले होते. मला ने, पण ह्याला सोड, असं मोठ्यानं म्हणाले.

११ ऑक्टोबर

फिरलं! डोकं खाली आलं! फहमिदाच्या गळ्यात पडून रडले. शिरा केला, कढई खरवडून खाल्ली. आता येऊ दे पाऊस.

१४ ऑक्टोबर, दुपार

आईचं पत्र. भिऊ नकोस म्हणते, पायाळू निघालं तरी काही होत नाही. तूही पायांनीच आलीस, लग्न मोडेल म्हणून कुणाला बोलले नाही —

म्हणजे वीज माझ्यासाठी येत होती.

आभाळ काळं झालंय. हे कचेरीत. चतुराबाई बाहेरून हाका मारताहेत. बाहेर तरी कुठं जाऊ, मी जाईन तिथं —

बाळाला माझ्यापासून लांब ठेवलं पाहिजे. कसं ठेवू? पोटातलं कसं —

सूप वाजतंय. कोपऱ्यात नाही. माझ्या मांडीजवळ —

लाथ मारली त्यानं. आवडाबाई, ऐका ना, ह्याला तरी —

सूप थांब