पंच क्रमांक एक

मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय ठकू,

आज दुकान उघडलं नाही. सकाळच्या पहिल्या बसने कोर्टाच्या गावी गेलो. तिथलं काम दीड तासात झालं. दुपारी परत आलो, दुकानासमोरच्या सीमाचौकीत जाऊन दहा मिनिटं उभा राहिलो. घरी येऊन जेवलो आणि हे लिहायला बसलो. आता चार वाजलेत. ताप वगैरे नाही, काळजी करू नकोस.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. तू विचारतेस, काका, पंच सापडले का? तू चौकीसमोर बसतोस, तुला तिथलं कुत्रंसुद्धा ओळखतं, मग दोन माणसं सापडू नयेत? तुझं बरोबर आहे. तुला मिळालेल्या पंचनाम्याच्या प्रतीत नावांवर काळी पट्टी मारली आहे आणि खाली नुसतं 'पंच क्रमांक एक, स्थानिक दुकानदार' आणि 'पंच क्रमांक दोन, स्थानिक व्यावसायिक' एवढंच आहे. यातला एक जरी खरं बोलला तरी चौकीच्या साहेबांचं म्हणणं टिकणार नाही, आणि कोणीच बोललं नाही तर येत्या सोमवारी, तू स्वतः बाजू मांडणार आहेस त्या सुनावणीत, तुझ्या बाबांचं मरण 'नैसर्गिक' म्हणून मिटवतील, असं तू लिहिलं आहेस. मी फोनवर दोनदा तुला 'चौकशी चालू आहे' म्हणालो. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. खोटं मात्र बोलता आलं.

आधी दादाबद्दल लिहितो. त्याच्याबद्दल लिहायला बसलं की शब्द लवकर सापडतात. तुला आठवत असेल, सीमेपलीकडच्या कपड्यांच्या कारखान्यांत तो दर महिन्याला शिलाई मशीन दुरुस्त करायला जायचा. ती हिरवी पेटी, तेलाची बुधली आणि बॉबिन ठेवायची प्लॅस्टिकची डबी. तिच्या एकवीस खणांत तो हृदयाच्या गोळ्या ठेवायचा, सकाळ, दुपार, संध्याकाळ, सात दिवसांच्या. वहिनी किती ओरडायच्या, 'अहो, पाकिटातच राहू द्या, नाव तरी वाचता येईल कुणाला!' त्यावर दादा म्हणायचा, 'नाव कशाला? मला ओळखतात त्या.' लहानपणी मला पोहायला शिकवताना त्याने विहिरीत ढकललं होतं आणि लगेच स्वतःही उडी मारली होती, चपलांसकट. चपला गेल्या म्हणून आईचा मार त्याने एकट्याने खाल्ला. मी काठावर ओलाच उभा होतो.

तू पाठवलेला पंचनामा मी आता इतक्यांदा वाचला आहे की पाठ झालाय. गुरुवारी दुपारी तीन वाजता झडती. झडतीचं कारण आधी लेखी नोंदवलं. वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क समजावून सांगितला, प्रवाशाने नकार दिला. संशयास्पद पांढऱ्या गोळ्या जप्त. प्रवाशाची प्रकृतीबाबत तक्रार नाही. आणि मग ते वाक्य, 'सदर इसम पुढील चौकशीकरिता स्वखुशीने थांबले.' गुरुवार दुपार ते शनिवार सकाळ, मागच्या खोलीत, लाकडी बाकावर, स्वखुशीने! अटक म्हणायचं नाही, कारण अटक म्हटली की कारण सांगावं लागतं, घरी कळवावं लागतं, चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं. म्हणून स्वखुशीने. त्या शब्दाला एक वास येतो, ठकू. त्या खोलीत कुजट गोणपाट, बिडी आणि फिनाईल यांचा मिळून जो वास येतो तो. पूर्वी मी तिथे चहा प्यायचो.

हे नियम तू मला पत्रात समजावून सांगितलेस. सांगायची गरज नव्हती. चौकीची नियमपुस्तिका मीच झेरॉक्स केली, स्पायरल घातलं, बारा प्रती. एकीची पानं उलटसुलट लागली होती, ती माझ्याकडेच पडून राहिली. दादा गेल्यावर ती काढली. 'अधिकार' सव्वीस पानं आणि 'मर्यादा' तीन. त्या तीन पानांत सगळं आहे. झडतीचं कारण आधी लिहा. जप्त केलेल्या वस्तूची पावती द्या. औषध जप्त केलंत तर डॉक्टरला विचारल्याशिवाय माणसाला त्यावाचून ठेवू नका. आणि दोन पंच हवेत, समक्ष हजर असलेले, स्वतंत्र, म्हणजे झडती घेणाऱ्याचे मिंधे नसलेले आणि झडती देणाऱ्याचे नातेवाईक नसलेले. इतकं साफ लिहिलंय की शाळेतल्या पोराला कळावं. मी बारा वेळा ती पानं यंत्रावर पालथी ठेवली. वाचली एकदाही नाहीत. चौकीचा कागद वाचायचा नाही, हा माझा नेम होता आणि मला त्याचा अभिमान होता.

आता पंच कसे मिळतात ते सांगतो. सीमेवर उभा राहून दोन तास दुसऱ्याची झडती बघायला कोणाला वेळ आहे? प्रवासी नाही म्हणतो, ड्रायव्हर पळतो. मग चौकीच्या आसपासचे दोन भले लोक धरायचे. पूर्वी शिपाई खरंच बोलवायला यायचा, शटर अर्धं ओढून जावं लागायचं. मग मिशीवाले साहेब आले. त्यांनी युक्ती काढली. दर सोमवारी छापील कोरे पंचनामे दहा-पंधरा एकदम पाठवायचे, पंचांनी तळाशी सह्या करून ठेवायच्या. 'तुमचा धंदा बुडायला नको, आमचं काम अडायला नको.' वर काय लिहायचं ते साहेब लिहिणार. अकरा वर्षं हे चाललंय. रस्त्याकडेची दुकानं दोनदा हलवली, या दोघांची हलली नाहीत. एक जण शेजारचा न्हावी. तो म्हणायचा, 'आपलं कायद्याने लग्न लागलंय हो, जन्मभर प्रत्येक कागदावर शेजारी शेजारी!' आणि दुसऱ्याला चौकीतले सगळे लाडाने 'पंचकाका' म्हणतात.

तुला कळलं असेल. मी हे तिसऱ्या माणसाबद्दल लिहितोय तसं लिहायला बघत होतो, पण तेवढंही जमत नाही. पंचकाका म्हणजे मी.

त्या दोन दिवसांत मी काय करत होतो ते आठवून पाहिलं. गुरुवारी पासपोर्टचे फोटो काढले. शुक्रवारी दुपारी डबा खाल्ला, भाजी खारट होती म्हणून न्हाव्याकडे कुरकुर केली. दादा शनिवारी येतो म्हणाला होता, तो दोन दिवस आधीच निघाला हे मला कुठून कळणार? शनिवारी सकाळी न्हावी ओरडला, 'चौकीत कोणीतरी पडलंय.' आम्ही बघायला गेलो, लोक जातात तसे. मी मागून टाच उंच करून पाहिलं तर हिरवी पेटी दिसली. मिशीवाले साहेब माझ्याकडे बघून पांढरे पडले. मला वाटलं, माझ्या दुःखाने. त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल कृतज्ञता वाटली, ठकू. त्याने माझा दंड धरला आणि मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. त्या दिवशीचा माझा शर्ट मी अजून पुन्हा घातलेला नाही. धुवून झालाय, तरी नाही.

खरं काय ते मला पंधरा दिवसांनी कळलं. न्हाव्याकडे शिपाई दाढीला येतो, आणि गालाला साबण लागला की माणूस बोलतो. शिपाई म्हणाला होता, पंचकाकांना सांगू नका. न्हाव्याने चार दिवस पोटात ठेवलं आणि मग माझ्या दुकानात येऊन, स्टुलावर बसून, जमिनीकडे बघत सांगितलं. शुक्रवारी सकाळी दादाला धाप लागली. गोळ्या मागितल्या, दिल्या नाहीत. तेव्हा तो म्हणाला, 'समोर झेरॉक्सवाला आहे ना, तो माझा धाकटा भाऊ. त्याला हाक मारा, तो सांगेल या कसल्या गोळ्या.' साहेब हसले, इथे सगळेच कोणाचे तरी भाऊ असतात म्हणून. दर महिन्याला बसच्या गर्दीतून जाणारा दादा त्यांच्या कधी लक्षात राहिला नव्हता. मग त्यांनी पुढ्यातला पंचनामा पाहिला. आदल्या दिवशीच भरलेला, तळाशी माझी सही. आडनाव तेच. खुद्द भावालाच पंच दाखवलं होतं. मला हाक मारली असती तर तो कागद फाडावा लागला असता, आणि कागद फाडला तर रात्रभर एका माणसाला कशाच्या आधारावर बसवून ठेवलं हे सांगावं लागलं असतं. शिपाई दारापर्यंत आला होता म्हणे मला बोलवायला. साहेबांनी परत फिरवलं. 'थांब जरा, आधी याचं काय करायचं ते ठरवू.' ठरवता ठरवता शनिवार उजाडला. चाळीस पावलांवर मी बसलो होतो. माझी सही नसती तर त्यांनी मला हाक मारली असती.

एवढ्यावर संपलं असतं तरी मी तुला तोंड दाखवू शकलो असतो. पुढचं ऐक. न्हाव्याने सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी सोमवार होता. शिपाई नेहमीसारखा कोरे कागद घेऊन आला. दारात घुटमळला, माझ्याकडे बघेना. मी त्याच्या हातातून गठ्ठा घेतला आणि तेरा सह्या केल्या. नाही म्हटलं तर का ते सांगावं लागेल, एवढाच विचार डोक्यात होता. त्या तेरा कागदांवर आजवर कोणाकोणाच्या गोळ्या, बायका, म्हातारे आईबाप लिहून झाले असतील कोण जाणे. संध्याकाळी साहेब स्वतः आले. स्टुलावर बसले, माझं पाणी प्यायले, म्हणाले, 'आमच्याच घरातला माणूस गेल्यासारखं वाटतंय, काका.' मग आवाज खाली आणून, 'नावं झाकलीत आम्ही. तुमची इज्जत ती आमची इज्जत. तुम्ही गप्प, आम्ही गप्प.' बोटाला थुंकी लावून त्यांनी माझ्या पावतीपुस्तकाची पानं उगाच चाळली. मी मान डोलावली. साहेबांची किळस येते हे सांगायला सोपं आहे, कोणालाही येईल. पण त्यांनी घाण हात पुढे केला आणि माझा हात तिथे आधीच होता. पुढच्या सोमवारपासून मी दर सोमवारी दुकान बंद ठेवू लागलो. शौर्य म्हणशील तर एवढंच.

आज कोर्टाच्या गावी गेलो तो नोटरीकडे. हे सगळं प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं आहे. अकरा वर्षांची पद्धत, गुरुवारी मी चौकीत पाऊल ठेवलं नव्हतं हे, मयताचा सख्खा भाऊ असल्याचं आणि नंतरच्या तेरा सह्याही. परत येताना चौकीत गेलो आणि ते तेरा कागद परत मागितले. साहेब म्हणाले, 'कोणते कागद, काका?' आणि हसले, नुसते दातांनी. मी 'बरं' म्हणून निघालो. न्हाव्यालाही सांगितलं आहे, तो येणार की नाही त्याचं त्याला. त्याला मुलं आहेत. प्रत सोबत जोडली आहे. सोमवारी ती तुझ्या हातात असेल आणि साक्षीला मी उभा असेन. माझ्यावरही गुन्हा लागेल असं नोटरी म्हणाला. लागू दे, तू त्यात पडू नकोस. तिथे मला काका म्हणून हाक मारू नकोस, समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला विचारतात तसं विचार, एकही प्रश्न गाळू नकोस. वहिनींना मी रविवारी येऊन स्वतः सांगेन, तोवर त्यांना काही बोलू नकोस. हे पत्र एवढ्यासाठीच, की सगळ्यांसमोर ती काळी पट्टी निघेल तेव्हा खाली कोणाचं नाव आहे ते तुला पहिल्यांदा तिथे कळू नये. बाहेर दोरीवर सकाळचे कपडे आहेत. वाळले असतील. ते काढून घड्या घालतो.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
काका