काकांच्या चेहऱ्याचा रंग

हार्लेम, रविवार दुपार

प्रिय कीर्ती,

पाकिटावरचं अक्षर ओळखून लगेच कचऱ्यात टाकू नकोस. आतले तीन फोटो आधी बघ, मग पत्र हवं तर फाड. तू माझा नंबर ब्लॉक केलास, ठीक आहे. मी तुझ्या जागी असतो तर मीही केला असता, वर चार शिव्या घातल्या असत्या. पण जे पाठवतोय ते फोनवर पाठवण्यासारखं नाहीच, म्हणून पोस्टाचं तिकीट लावलं. पुढच्या महिन्यात काकांचं वर्षश्राद्ध आहे. भिंतीवर लावायला त्यांचा धड फोटो नाही, आणि त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे तू, येणार की नाही हे काकूंना नक्की ठाऊक नाही.

गंमत बघ. मंडळाच्या प्रत्येक गणपतीत, हळदीकुंकवात, कुणाच्या बारशात त्या माणसानं कोपऱ्यात टेबल मांडलं, प्रिंटर लावला आणि लोकांच्या हातात गरम गरम फोटो ठेवले. नेदरलँड्समधल्या किती मराठी घरांच्या फ्रिजवर हेमचंद्रकाकांनी छापलेले फोटो आहेत. पण ते स्वतः कुठेच नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात. शेवटी कुणीतरी त्यांच्या रहिवासी कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात हसायची परवानगी नसते ना, तसा. संध्याकाकू दोन दिवस त्याच्याकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "हे इमिग्रेशनच्या रांगेतले आहेत रे, माझे नव्हेत." आणि तो काढून ठेवला. खिळा तसाच आहे.

मग त्यांनी मला बोलावलं. हो, मला. सायकली दुरुस्त करणाऱ्याला प्रिंटरही जमेल असं वाटलं असणार. त्यांचं म्हणणं, काकांच्या कॉम्प्युटरात कुठेतरी त्यांचा स्वतःचा फोटो असेलच. पण त्यांचा विंडोजचा लॅपटॉप मेलेला. तो प्रिंटर ज्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालतो, ते विंडोजशिवाय उघडत नाही. घरात उरला होता तुझा मॅक, तू रॉटरडॅमला जाताना कपाटात टाकून गेलेला. मी काकांच्या लॅपटॉपमधली डिस्क काढली आणि तिच्यावरून तुझ्या मॅकच्या आत एक विंडोजचा कॉम्प्युटर उभा केला. खरा नव्हे, नुसता सॉफ्टवेअरचा. मॅक आपला चालू असतो आणि त्याच्या पडद्यावरच्या एका चौकटीत दुसरंच मशीन जागं होतं. त्याला पत्ताही नसतो की आपण आता दुसऱ्याच्या पोटात आहोत.

कितीतरी रविवार गेले त्यात. कधी प्रिंटरचा ड्रायव्हर सापडेना, कधी चौकट नुसती काळी. एकदा मी स्क्रूड्रायव्हर भिंतीवर फेकला, तुझ्या खोलीत पोपडा उडालेला दिसला तर तो त्याचाच. पण सोडून दिलं नाही. काकांचं मला उद्देशून शेवटचं वाक्य तू दारात उभी राहून ऐकलंस: "कॉलेज तरी पुरं केलंस का? आधी एक गोष्ट धड संपव, मग माझ्या मुलीचं नाव घे." त्यावर मी काय बोललो आणि तू त्यांना काय बोललीस, ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. त्यानंतर तुम्ही दोघं बोललाच नाहीत, आणि मग बोलायला ते राहिले नाहीत. त्याचा राग तू माझ्यावर धरलास, तो मला कळतो.

ज्या दिवशी ते चालू झालं, त्या दुपारी काकू स्वयंपाकघरात होत्या. चौकटीत आधी काकांच्या लॅपटॉपचा तो सूर वाजला, मग त्यांच्या वॉलपेपरवर लहानपणची तू दिसलीस, पिवळा रेनकोट घालून डबा लावलेल्या सायकलच्या डब्यात बसलेली. तुझ्याच मॅकच्या आत तू. कोपऱ्यातलं घड्याळ क्षणभर त्या दिवसाची तारीख दाखवत राहिलं, ज्या दिवशी काकांनी लॅपटॉप शेवटचा मिटला होता. मग ते एकदम आजवर आलं, जणू मधलं काही घडलंच नाही. मी प्रिंटर जोडला. मॅकनं विचारलं, हे उपकरण मॅकला देऊ की विंडोजला? मी विंडोजला दिलं. आणि कीर्ती, शप्पथ सांगतो, मी काहीही न दाबता प्रिंटर सुरू झाला.

नंतर कळलं, त्यात काही चमत्कार नव्हता. आपण नव्या कॉम्प्युटरवर आलो असं सॉफ्टवेअरला वाटलं. नवं मशीन लागलं की आधी टेस्ट प्रिंट काढायची, असं काकांनी त्यात बसवून ठेवलेलं. पण तेव्हा मला हे कुठे ठाऊक? तो प्रिंटर रंग एकामागून एक चढवतो, तुला माहीत आहे. कागद बाहेर आला, नुसता पिवळा. पिवळ्या धुक्यात एक माणूस. आत गेला, गुलाबी होऊन आला. पुन्हा आत गेला, निळा रंग चढला, आणि काका माझ्याकडे बघत होते. गालाशेजारी रंग जुळवायचं राखाडी कार्ड धरून. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, अगदी रोजचा: "अहो, ते राहू द्या आता, पानं घेतलीत!" प्रिंटरचा आवाज ऐकून, सवयीनं. मग त्या बाहेर आल्या, फोटो पाहिला आणि हात पुसत खाली बसल्या.

काकांचे असे फोटो त्या डिस्कवर ढिगानं आहेत. कंपनीच्या सेटिंगवर आपले चेहरे राखेसारखे नाहीतर विटेसारखे येतात म्हणून ते दर गणपतीआधी स्वतःचाच चेहरा छापून रंग जुळवायचे. हिरवे काका, जांभळे काका, काविळीचे काका. केस दरवर्षी थोडे पांढरे. जुन्या सगळ्या फोटोंत ते कॅमेऱ्याकडे नाही, डावीकडे बघून हसतायत. मी काकूंना विचारलं तर म्हणाल्या, तिथे कीर्ती स्टुलावर बसलेली असायची. "आता बाबा बाबांसारखे दिसतायत" असं ती म्हणाली की हे थांबायचे. शेवटच्या फोटोत ते समोर बघतायत.

तेव्हापासून मला तो पिवळा चेहरा दिसतो. दुकानात चाक फिरवताना आऱ्यांमागे दिसतो, कालव्यावरून जाताना पाण्यात दिसतो. रागावलेला नसतो, तेच जास्त लागतं. रागावला असता तर मी भांडलो असतो. तो वाट बघत असल्यासारखा असतो, रंग चढायची.

कारण रंग जुळत नाही. काकांनी हातानं बसवलेले रंग त्या मेलेल्या मशीनपुरतेच होते, नवं मशीन समजून सॉफ्टवेअरनं ते पुसून टाकले. मी जुळवतो, काकू सकाळी म्हणतात, "हेच ते," आणि संध्याकाळी म्हणतात, "नाही रे, इतके लालसर कुठे होते?" नवरा कसा दिसायचा हे आपण विसरत चाललो की काय, या भीतीनं त्या मध्येच उठून जातात. तीन बरे वाटलेले सोबत पाठवतोय, तिन्ही डावीकडे बघतानाचे. फोनवर पाठवले असते तर ते तुझ्या फोनच्या रंगाचे झाले असते. दिव्याखाली नको, खिडकीत धरून बघ. माझ्या मते तिन्ही चूक आहेत, आणि बरोबर कोणता हे सांगू शकणारी तू एकटीच आहेस.

आता हे लिहायचं खरं कारण. काकूंनी परवा भीतभीत सांगितलं की तू त्यांना म्हणालीस, "तो घरात येत असेल तर मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही, वर्षश्राद्धालासुद्धा नाही." माझं डोकंच फिरलं. तडक रॉटरडॅमची ट्रेन पकडली, तुझ्या दारात उभा राहून जाब विचारणार होतो. वाटेतच लायडनला उतरलो. फलाटावर बसून राहिलो आणि उलट्या गाडीनं परत आलो. मी तुला रोज बघितल्याशिवाय कसा राहतो ते माझं मला माहीत, पण त्या बाईनं तुझ्याशिवाय राहू नये. मशीन तयार आहे, मॅक उघडलास की काकांचं सगळं आपोआप समोर येईल. भिंतीवर लावायचा फोटो मी छापलेला नाही, तेवढा कागद राखून ठेवलाय. तू रंग जुळव आणि तू छाप. घराची किल्ली मी आज काकूंना परत दिली. वर्षश्राद्धाला किती पानांचा स्वयंपाक करायचा म्हणून त्या विचारत होत्या. मी सांगितलं, मला धरू नका, कीर्तीला धरा.

तुझाच, पण लांबून,
रुचिर