मिस्त्रींचा ओला तळहात

शनिवार, डिसेंबर २००३

चाललं! शिलाई मशीनएवढं आमचं हायड्रोजनचं इंजिन आज सलग वीस मिनिटं चाललं. महिनाभर फटाका फुटल्यासारखं वाजून बंद पडायचं. तातोबा मिस्त्री म्हणायचे, “ताई, ह्ये इंजिन न्हवं, लवंगी माळ हाय. चालल्याबिगर नारळ फोडणार न्हाय.”

आज त्यांनी सवयीनं सायलेन्सरपुढं तळहात धरला. काजळी बघून इंजिनाची तब्येत सांगणारा माणूस! हात काळा नाही, ओला झाला. “पाणी गळतंय, बंद करा!”

मी ओरडले, “मिस्त्री, ह्यात पाणी घातलंय कुठं? हायड्रोजन जळला की पाणीच हुतंय!”

हे आधीच का नाही सांगितलं मी?

मिस्त्री बराच वेळ तळहात बघत राहिले. मग न पुसता, त्याच ओल्या हातानं नारळ फोडला.