हँडल फिरून आलं की एक

किती सुबक वेढे, आजोबा, तुमचा हात अजून तसाच आहे. गेल्या रविवारी हे तू तीनदा म्हणालीस, मी मोजलं. वादळात ओलावा शिरला म्हणून रेडिओचा डबा उघडून वाळवलास, आतली कॉईल बघितलीस आणि साऱ्या जगाला ऐकवून कौतुक केलंस. अर्धा तास बोललीस. त्यात तीनदा वेढे, दोनदा अँटेना, एकदा तुझा बाप, आणि शेवटी, दार ओढून घेताना पायपुसणं पायाने सरळ करावं तसं, आजीला नमस्कार सांगा. सांगायला मी काय परगावी होते? त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मटार सोलत बसले होते.

तक्रार संपली. आता रीतीने सुरुवात करते.

प्रिय भुणभुण,

हे पत्र बोटवाल्याकडे देतेय. शुक्रवारी तुमच्या बेटावर पोचतो म्हणाला. म्हणजे रविवारच्या आत तुझ्या हातात पडेल, आणि पडायलाच हवं. का, ते पुढे येईल. रेडिओ असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलंच असेल. मला परवाना कुठे आहे, बाई? तुझ्या आजोबांनी परीक्षा दिली, तू दिलीस, मी दुसरीत शाळा सोडली ती सोडली. कायद्याने त्या डब्यात मला शिंकतासुद्धा येत नाही. आणि परवाना असता तरी हे मी तिथे बोलले नसते. एकाशी बोलायला जावं तर पन्नास कान लावून बसलेले. तो घोगऱ्या आवाजाचा मास्तर तर तुझ्या आजोबांना खोकला आला की औषध सुचवतो.

इकडे सगळे ठीक आहेत. तुझा बाप पुन्हा घोरायला लागला, त्यावरून ओळख. तू सापडत नव्हतीस तेव्हा तो दिवसातून दोनदा तुझ्या हवामानाच्या ऑफिसात जाऊन तिथल्या बाईचं डोकं खायचा. ती तरी काय करणार. बेटावर तुम्ही दोघंच कामाला, वादळात तुमचा ऑफिसच्या वायरलेसचा खांब आडवा झाला, त्यांच्याकडे आकडे यायचे थांबले, समुद्र खवळलेला म्हणून बोट सुटेना. बातमी नाही म्हणजे सगळं ठीक असणार, असं ती रोज त्याच शब्दांत सांगायची. शेवटी तुझ्या बापाने तिला विचारलं, तुमची स्वतःची मुलगी असती तरी हेच म्हणाला असता का. ती रडली म्हणे. मग ह्याने तिला पाणी आणून दिलं. तू बेटावर जाऊ नयेस म्हणून तो जे बोलला ते त्याने अजून मागे घेतलेलं नाही आणि घेणारही नाही, माझ्यावर गेलाय. पण तुझी सायकल परवा तेलपाणी करून, पुसून आत ठेवली. समजून घे.

तुझे आजोबा पुन्हा टेबलाला चिकटलेत. मास्तरांसाठी तसाच एक स्वस्तातला सेट जोडणं चाललंय. तेच सगळं. भंगारातल्या टीव्हीचे अवयव, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, टूथपेस्टच्या टोपणाचं बटण. तुला आठवतं ना, सहा वर्षांची होतीस, शेजारी स्टुलावर उभी राहून हे काय, ते काय अशी दिवसभर भुणभुण लावायचीस. तेच नाव पडलं. तुझ्या आजोबांना मुळीच त्रास व्हायचा नाही, मला व्हायचा. सेटमधून शिट्टी आली की त्यांनी माझी विणायची प्लॅस्टिकची सुई पळवायची आणि आत एकेक तार ढोसून बघायची, कुठे हललं की शिट्टी बदलते ते. काही तापतंय का बघायला बोट लावायचं, बोट भाजलं की सापडलं म्हणून आनंद करायचा. तीस वर्षं मी हा संसार बघतेय. चारही सुयांची टोकं वितळलेली आहेत. एकही स्वेटर पुरा झालेला नाही.

पण कॉईल म्हटलं की मला कळतं. तुझ्या जन्माआधी अठरा वर्षं मी वाइंडिंगच्या दुकानात पंख्यांच्या मोटारी भरल्या, हे तुला ठाऊक आहे. तांब्याची तार केसाएवढी बारीक असू दे नाहीतर सुतळीएवढी जाड, माझ्या हातात ती वाकडी जात नाही. मालक नव्या पोरींना सांगायचा, हिच्याकडे बघा आणि तोंड बंद ठेवा. तोंडाचं मलाही जमलं नाही, पण हात शिकला. तिथे मोजायची रीत एकच. हँडल फिरवायचं, पुरं फिरून वर आलं की एक. अर्धवट फिरलेल्याला आकडा नाही. अठरा वर्षं तेच मोजलं तर दुसरं काही मोजायचं असतं हे माणसाच्या डोक्यात कशाला येईल.

आता जे सांगते ते बसून वाच. तुझ्या आजोबांचे हात थरथरतात. तुझ्यासमोर ते कप दोन्ही हातांनी धरायचे आणि थंडी आहे म्हणायचे, ते काही थंडीने नव्हतं. वर्ष झालं. मनगट टेबलाला टेकवून सोल्डर मारणं अजून जमतं. पण कॉईलच्या त्या काळ्या रिंगवर बारीक तार ओढून एकाशेजारी एक बसवणं त्यांच्याच्याने होत नाही. वेढे सैल पडतात, एकमेकांवर चढतात, आणि सैल कॉईलचा सेट पाच मिनिटं एका जागी राहत नाही, बोलता बोलता सरकतो. एकदा तीन दिवस ते तेच शोधत बसले. सगळे सांधे पुन्हा तापवले, रिंगा विकणाऱ्याला शिव्या दिल्या, माझी चौथी सुई वितळवली. आणि दोष समोर दिसत होता, मला दिसत होता. चौथ्या दिवशी दुपारी जेवून ते आडवे झाले, तेव्हा मी त्यांची कॉईल उलगडली आणि पुन्हा भरली. बेचाळीस वेढे, कागदावर त्यांनीच लिहिलेले. सेट सरकायचा थांबला. ते म्हणाले, झोप झाली की हात चांगला चालतो. मी म्हटलं, असेल.

तेव्हापासून प्रत्येक कॉईल तशीच. ते सकाळी भरतात, मी दुपारी भरते. एक मात्र होतं. माझ्या कॉईलचा सेट दरवेळी जरा खाली बसायचा. मास्तर सातावर बोलत असले आणि तबकडीवर काटाही सातावर असला, तरी आपला सेट साताच्या खालचं ऐकायचा, तसं. मग तुझे आजोबा मीटर लावून बघायचे, वेढे थोडे विसकटून तो जागेवर आणायचे आणि कुरकुरायचे, हल्लीच्या रिंगाच हलक्या. मला वाटायचं, असतील हलक्या.

तुझ्या सेटचं वेगळं झालं. त्याच्या कागदी तबकडीवर लाल ठिपका त्यांनी आठवडाभर आधीच लावला होता, सव्वापाचला ह्या ठिपक्यावर काटा ठेवायचा आणि बोलायचं. निघायच्या दिवशी सकाळी बघतात तर जुन्या कॉईलची तार खरवडलेली. घाईघाईत नवी भरली, जेवले, पडले. मी माझं काम केलं. उठून त्यांनी ती जोडली, खरखर आली, कुठलीतरी माणसं बोलताना ऐकू आली, तोवर खाली गाडीचा भोंगा. मीटर लावायला वेळ कुठे होता. झाकण लावलं आणि डबा तुझ्या मांडीवर दिला. ठिपका होता तिथेच राहिला.

पुढचे नऊ दिवस तुला माहीत आहेत, पण तिकडून. इकडून असे होते. सव्वापाचला आम्ही तिघं टेबलाशी. तुझे आजोबा तुझं रेडिओवरचं नाव, ती कॉलसाइन, म्हणायचे, थांबायचे, पुन्हा म्हणायचे. खरखर. चौथ्या दिवशी वादळाचं कळलं. त्यानंतर तुझ्या बापाने खुर्चीवर बसणं सोडलं, तो दाराला टेकून उभा राहायचा. सहाव्या दिवशी तुझे आजोबा म्हणाले, माझाच एखादा सांधा सुटला असेल, मुलगी बोलतेय आणि पेटी मुकी आहे. मी म्हटलं, तुमचे सांधे सुटत नाहीत. तेवढंच म्हटलं. रात्री ताटं वाढायची, तशीच उचलायची.

नवव्या दिवशी सकाळी मास्तर रेडिओवर आले. नवीन रिंग भरताहेत, वेढे मोजायचे कुठून, असं विचारत होते. तुझ्या आजोबांचं मन नव्हतं, पण कोणी शिकायला आलं की त्यांना गप्प बसवत नाही. ते म्हणाले, मास्तर, रिंगच्या भोकातून तार गेली की एक. नुसती सरळ गेली, अजून वळलीही नाही, तरी एक. तुम्ही पुरी फिरून येण्याची वाट बघाल तर एक वेढा जास्त पडेल आणि सेट खाली जाईल.

मी भांडी घासत होते. हातातलं पातेलं मी तसंच खाली ठेवलं. वर्षभर माझं दरवेळी खाली का बसत होतं ते कळलं, आणि तू कुठे आहेस तेही कळलं. तुझा काटा लाल ठिपक्यावर होता, पण सेट खालच्या मजल्यावरून बोलत होता. बोलणं आणि ऐकणं दोन्ही एकाच कॉईलवर, म्हणजे तुला आम्ही नाही आणि आम्हाला तू नाही. नऊ दिवस आपण दोघी एकाच जिन्यावर चुकामूक करत होतो, आणि ती चुकामूक मी भरली होती, बेचाळीस म्हणून त्रेचाळीस.

हात पुसले आणि बाहेर येऊन म्हटलं, आज खाली शोधा. का, म्हणाले. मी म्हटलं, तुमचं दरवेळी खालीच बसतं की. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तबकडीवर खालच्या बाजूला पेन्सिलीने खूण केली. सव्वापाचला काटा खाली, अजून खाली, केसाकेसाने. आणि मग तू. पाण्याखालून बोलावं तसा आवाज, पण तूच. दोघंही ठीक आहोत, प्यायचं पाणी चार दिवसांचं उरलंय, कोणी आहे का. तुझा बाप ऑफिसकडे धावला तो एक पाय चपलेत, एक अनवाणी. बोट दुसऱ्याच दिवशी सुटली. तुझे आजोबा टेबलावर डोकं टेकून बसले. मी आत जाऊन उरलेलं पातेलं घासलं, दोनदा घासलं. स्वच्छच होतं. इतकं हलकं मला तुझ्या बापाच्या जन्मानंतरही वाटलं नव्हतं, आणि तेव्हा तो साडेचार किलोचा होता.

आता मुद्दा. परवा ते मास्तरांना काय म्हणाले ते ऐक. रविवारी पोरीला कॉईल मोजायला सांगणार. बेचाळीस भरले तर ओलाव्याचा दोष. त्रेचाळीस भरले तर मी मोजण्यातून गेलो, आणि ज्याला बेचाळीस मोजता येत नाहीत त्याने माणसाचा जीव ज्यावर टांगतो ती वस्तू बनवू नये. मग हे सोल्डर, मीटर, सगळं तुम्ही घेऊन जा. हे ते थट्टेत बोललेले नाहीत. त्या रात्री त्यांनी सगळ्या पकडी पुसून फडक्यात गुंडाळल्या, मास्तरांच्या सेटपुरत्या तेवढ्या सकाळी सोडतात. म्हणून हे पत्र. ते मोजण्यातून गेलेले नाहीत, त्यांचे सकाळचे बेचाळीस बरोबर होते, सैल होते पण बरोबर. मला हे त्यांच्या तोंडावर सांगता येत नाही. पन्नास वर्षांत माझ्या तोंडून चांगली गोष्टसुद्धा शिवी होऊन बाहेर पडलीय. मी सुरुवात करीन, भांडण होईल आणि कॉईल राहील बाजूला. शिवाय हल्ली ते सकाळची कॉईल टेबलाच्या मधोमध ठेवून दुपारी झोपायला जातात, शेजारी तार आणि कात्रीही काढून ठेवलेली असते. का, ते मी विचारलेलं नाही. तेव्हा तू असं कर. रविवारी ते सांगतील तेव्हा मोज, भोकातून मोज, आणि त्रेचाळीस आहेत हे खरं सांग. त्यावर एकच वाक्य म्हण, जास्त नाही: आजी म्हणते, वाइंडिंगच्या दुकानात हँडल फिरून आलं की एक. मास्तरांना आणि बाकीच्या कानांना त्यातलं काही कळणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मी शेजारीच बसलेली असेन, हातात मटार असतील. तेवढं म्हटलंस की बटणावरचं बोट काढ आणि गप्प बस, समजूत घालायची नाही, हसायचं नाही, आजोबा ऐकताय ना असं विचारायचं नाही. उत्तर त्यांनी द्यायचं. आणि डब्याला नाही, मान वळवून मला द्यायचं.

तुझीच,
आजी