दादाविना निकालाची रात्र

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? चिमीच्या घराला जिने फार आहेत असं तुम्ही म्हणालात, तेव्हापासून मला तुमच्या गुडघ्यापेक्षा त्या जिन्यांचाच राग येतो. चिमीला आणि जावईबापूंना आशीर्वाद कळवा. माझी तब्येत बरी आहे. मोरीतल्या नळाची गळती थांबली (मी थांबवली नाही, आपोआप थांबली, त्यामुळे ती पुन्हा सुरू होणार हे नक्की).

गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर विचारलंत, "घर विकायचं की ठेवायचं? भावजी, तुम्ही म्हणाल तसं करू." मी "तुमची मर्जी" म्हणालो आणि फोन ठेवला. तुम्ही सरळ विचारलं होतं, मीही सरळ सांगायला हवं होतं. तोंडाने जमलं नाही ते लिहून कळवावं म्हणून कागद घेतला, तर मध्ये निवडणूक आली. दादा गेल्यानंतरची ही पहिली, आणि ती माझ्या हातून पार बिघडली. तेव्हा आधी तिची हकीकत लिहितो, म्हणजे घराचं लिहायला धीर येईल.

मतदानाच्या दिवशी तुम्ही चहाच्या आणि खुर्च्यांच्या तयारीत असायचात, त्यामुळे सकाळचा प्रकार तुम्ही कधी पाहिला नाहीत. दादा गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना गोळा करून मतदानाला न्यायचा. पुढे तो, मागे ते, आणि सगळ्यांत मागे मी, कुणाची काठी, कुणाचा चष्मा सांभाळत. वाटेत तो भेटेल त्याला काहीतरी विचारायचा. रांग कुठली, दार कुठलं, साहेब जेवले का, पंखा का बंद आहे. मला त्याची लाज वाटायची. या वेळी सकाळी दार उघडलं तर शिंपीकाका, शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई, औषधवाला आणि त्याची आई असे सगळे आवरून बाहेर उभे. जो तो दुसऱ्याला पुढे व्हायची खूण करत होता. शेवटी शिंपीकाका म्हणाले, "चला, आता पुढे तू." त्यांनी नवा सदरा घातला होता, स्वतः शिवलेला. पहिल्या निवडणुकीपासून त्यांचं एकही मत चुकलं नव्हतं, आणि ते दर वेळी नवा सदरा शिवायचे. मी पुढे झालो. पुढे चालायची सवय नसल्याने मी सारखा मागे वळून बघत होतो आणि दोनदा विजेच्या खांबावर आपटता आपटता वाचलो.

शाळेच्या फाटकापाशी रांग होती. आम्ही रांगेत उभे राहिलो. रांग कशाची, हे मी विचारलं नाही. मतदानाचा दिवस, मतदानाची शाळा, आणि रांग. आणखी काय विचारायचं? (दादाने विचारलं असतं. त्याने रांगेतल्या माणसाचं गावसुद्धा विचारलं असतं.) पांढरा कोट घातलेली एक मुलगी येऊन नाव आणि वय लिहून घेत होती. तिने बाईंना विचारलं, "काही त्रास?" बाई म्हणाल्या, "पाच वर्षं नुसता त्रासच चाललाय, म्हणून तर आलोय." तिने तेही लिहून घेतलं. मग वयाने मोठे म्हणून शिंपीकाकांना आधी आत नेलं, खुर्चीत मागे रेलायला लावलं आणि आ करायला सांगितलं. नंतर ते मला म्हणाले, बोगस मतदान फार वाढलंय म्हणून आता दात बघून ओळख पटवत असतील असं वाटलं. खोटं बोलत नव्हते. त्यांनी स्वतःहून जीभही बाहेर काढली होती.

दातांचं मोफत शिबिर होतं ते. मतदानाची जागा मागच्या रस्त्यावरच्या व्यायामशाळेत हलवली होती आणि तसा कागद फाटकाला चिकटवला होता. त्या कागदापुढे कुणीतरी भाजीची हातगाडी उभी केली होती. हे कळेपर्यंत अर्धी सकाळ गेली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, काकांची एक दाढ आजच्या आज काढायला हवी, फुकट काढतो. काकांचं फुकट या शब्दावर फार प्रेम आहे. ते म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, रांगेत माझी जागा धरा, मी दाढ देऊन येतोच. मी "बरं" म्हणालो. वहिनी, माझ्या आयुष्यातले निम्मे घोटाळे या "बरं"मुळे झालेत.

व्यायामशाळेतली रांग खरी होती, पण हलत नव्हती. मतपत्रिका भलत्याच आल्या होत्या, शेजारच्या मतदारसंघाच्या. सकाळपासून लोक खुशाल त्यांच्यावर शिक्के मारून जात होते आणि कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. आपल्या मोठ्या बाई आत गेल्या, त्यांनी मतपत्रिका उत्तरपत्रिकेसारखी वरपासून खालपर्यंत वाचली आणि पडद्याबाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यातला एकही मुलगा माझ्या वर्गातला नाही." तिथून मतदान थांबलं. बरोबर मतपत्रिका आणायला गाडी गेली. ज्यांनी सकाळी मत दिलं त्यांना परत बोलवायला माणूस गेला, आणि मग त्या माणसाला शोधायला दुसरा माणूस गेला. आम्ही व्यायामाच्या गाद्यांवर बसून राहिलो. औषधवाल्याची आई झोपली. दुपार उलटली, संध्याकाळ व्हायला आली, तरी शिंपीकाका आले नाहीत, तेव्हा मी बाईंना जागा धरायला सांगून त्यांना बघायला गेलो.

दाढ हट्टी निघाली होती. काका खुर्चीत गाल धरून बसले होते, तोंडात कापसाचा बोळा, आणि नव्या सदऱ्यावर कॉलरपाशी रक्ताचा एक थेंब. मी त्यांना हाताला धरून चालवत आणलं. आम्ही पायऱ्या चढत होतो आणि केंद्रप्रमुख बाई दार लावून घेत होत्या. जे आत रांगेत आहेत त्यांचं मतदान होणार, बाहेरच्यांचं नाही, असा नियम. मोठ्या बाई आतून म्हणाल्या, ते रांगेतच होते, फक्त दाढेसाठी बाहेर गेले होते. केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या, "रांगेत असणं म्हणजे रांगेत असणं." त्यांचंही चुकलं नाही, दिवसभर त्या शिव्या खात होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलेन अशा अपेक्षेने थोडं थांबल्यासुद्धा. शिंपीकाका काहीतरी म्हणाले, पण अर्धं तोंड बधिर आणि त्यात कापूस, त्यामुळे ते कुणालाच कळलं नाही. ज्याला बोलायचं होतं त्याला तोंड नव्हतं, आणि ज्याचं तोंड धडधाकट होतं तो "बरं" म्हणाला. दार लागलं. (माझंही मत राहिलं, पण त्याचं मला एवढं वाटलं नाही.)

परत येताना काकांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. (बोल लावता येत नव्हता हे खरं, पण त्यांनी नुसतं बघितलंसुद्धा नाही.) घराच्या कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी कापूस काढला आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी मी असेन नसेन." मी त्यांचा सदरा धुवायला मागून घेतला. डाग गेला नाही.

मतदान संपलं की लगेच मोजणी, त्यामुळे रात्री निकाल बघायला सगळे नेहमीप्रमाणे आपल्याकडेच आले. मी बोलावलं नव्हतं, पण दार बंद ठेवायचंही सुचलं नाही. मांडामांड दादाच्या पद्धतीने केली: सत्तेवाल्यांना सोफा, विरोधकांना जेवणाच्या खुर्च्या, ज्याचं मन पालटेल त्याने सगळ्यांदेखत उठून पलीकडे जायचं, आणि आपल्या मतदारसंघात जी बाजू जिंकेल तिला चहा आधी. मध्ये दादाची हाताची खुर्ची. ती मी हलवली नाही आणि तिच्यावर कुणी बसलंही नाही. तिच्याकडे न बघता सगळे टीव्हीकडे बघत होते. टीव्हीवरही आमच्यासारखेच प्रकार चालले होते: कुठे मतपेटीची किल्ली हरवलेली, कुठे दिवे गेलेले. पण दाढेपायी मत गेल्याची बातमी काही दिसली नाही. औषधवाला म्हणाला, "दादा आम्हाला मतदानाला न्यायचा, तुम्ही दाताला नेलंत. पुढच्या वेळी डोळ्यांचं बघा, माझ्या आईला मोतीबिंदू आहे." सगळे हसले, मीही हसलो. शिंपीकाका मात्र ना सोफ्यावर बसले ना खुर्चीवर. मत दिलं नाही तर बाजू कसली, म्हणाले, आणि स्वयंपाकघराच्या दारात माझ्याशेजारी येऊन बसले.

अशात दलाल आला. तुम्ही त्याला मापं घ्यायची परवानगी दिली होती, तेव्हा त्याचा दोष नाही. निवडणुकीची रात्र आहे हे ठाऊक नसलेला देशातला तो एकमेव माणूस असावा. त्याने टेप काढली आणि दिवाणखाना मापायला लागला. सोफ्याखालून टेप घालताना "पाय वर घ्या" म्हणाला. सोफ्याने पाय वर घेतले. मग विरोधकांनीही घेतले. ही मंडळी एकमताने काही करताना मी पहिल्यांदाच पाहिली. भिंतीपासून भिंतीपर्यंत मापून झाल्यावर तो आकडे लिहायला म्हणून दादाच्या खुर्चीत बसला, आणि पेन दाताने उघडत म्हणाला, "मधली भिंत पाडली की हॉल मस्त होईल."

मी म्हणालो, "उठा."

वहिनी, माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. औषधवाल्याच्या हातातली बशी पडली. दलाल उठला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण थांबता येईना. मी म्हणालो, ही माझ्या भावाची खुर्ची आहे, हे माझ्या भावाचं घर आहे, भिंत जिथे आहे तिथेच राहील, टेप गुंडाळा. आणखीही बरंच म्हणालो म्हणतात. नेमक्या त्याच वेळी आपल्या मतदारसंघाचा निकाल टीव्हीवर सांगितला, आणि तो कुणालाही ऐकू आला नाही. मग आपणच जिंकलो असं समजून सोफ्याने टाळ्या वाजवल्या, त्याच समजुतीने खुर्च्यांनीही वाजवल्या, आणि दोन्हीकडून चहाची मागणी झाली. कोण जिंकलं ते तुम्ही वाचलं असेलच.

सगळे गेल्यावर मी दिवाणखान्यात एकटाच बसलो होतो. हाच आवाज संध्याकाळी त्या दारात निघाला असता, तर शिंपीकाकांचं मत पडलं असतं. तो तेव्हा निघाला नाही. याचं मला फार वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन तसं सांगितलं. ते मशीनवर होते, वर न बघता म्हणाले, "ओरडायला शिकलास, उशिरा का होईना." मग दोऱ्याचं रीळ माझ्या हातात दिलं आणि सुईत ओवून द्यायला सांगितलं.

बाकी क्षेम. चिमीला म्हणावं, जिन्याला कठडा पक्का आहे का ते बघून घे.

तुमचा
धाकटा

ता. क. घराबद्दल तुम्हाला योग्य वाटेल ते करा. माझी कशालाच हरकत नाही.

ता. क. आणखी. वरचा ताजा कलम धरू नये, तो सवयीने लिहिला गेला. मला हरकत आहे. घर विकू नये असं मला वाटतं. तुम्ही परत यावं असंही वाटतं. तुमची खोली तळमजल्यावरच आहे आणि गुडघ्याला एकही पायरी चढावी लागणार नाही. हे फोनवरच सांगायला हवं होतं.

ता. क. शेवटचं. दलालाला "वहिनींनी नाही म्हटलंय" असं मी काल तुम्हाला न विचारताच सांगून टाकलं. तुम्हाला राग येणं साहजिक आहे. पण फोनवर रागावलेलं मला नीट समजत नाही, तेव्हा इथे येऊन रागवा.